“आता गुंठ्याचीही रजिस्ट्री होते” म्हणून इसार द्यायला निघालात? आधी एखादी जुनी कॉलनी फिरून या

पूर्णा : मागच्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, दीड दीड गुंठ्याचे दोन प्लॉट घेऊ लागलो. एक मला, एक दादाला. एजंट म्हणतो आजच इसार द्या, पुढच्या आठवड्यात भाव वाढतो. सरकारनं तुकडेबंदी उठवली ना, आता गुंठ्याची पण रजिस्ट्री होऊ लागली म्हणे.”

मी हरभऱ्याला पाणी देत होतो. मोटार बंद केली अन् म्हणलं, “इसार देऊ नको. मी येतो, मग बोलू.”

या भाच्याची जमीन जालना–नांदेड द्रुतगती महामार्गात गेली. सुमारे १८० किलोमीटरचा हा रस्ता समृद्धी महामार्गाला नांदेडशी जोडणार आहे, अन् त्यासाठी आपल्या पूर्णा तालुक्यातल्याही जमिनी गेल्या. मोबदला कमी की जास्त, यावर आंदोलनं झाली, बातम्या झाल्या. पण पैसा खात्यावर आल्यावर त्याचं काय होतं, यावर फार कुणी लिहीत नाही. तो पैसा नांदेड, परभणी, वसमत, पूर्णा अशा गावांच्या भोवती पडणाऱ्या प्लॉटिंगमध्ये चाललाय. शक्तिपीठ महामार्गाची आखणीही परभणी जिल्ह्यातून आहे. म्हणजे हा प्रश्न एका घराचा नाही.

जमीन पिढ्यान् पिढ्या टिकते. मोबदल्याचा पैसा एकदाच येतो. तो चुकीच्या जागी गेला तर शेतही नाही अन् घरही नाही. म्हणून त्या रविवारी आम्ही दोन जागा बघितल्या. जागांची अन् माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण गोष्ट एका एजंटाची नाही, सगळीकडची आहे.

चुन्याच्या रेघा अन् कागदावरचा गुंठा

पहिली जागा शहराच्या बाहेर. परवापर्यंत सोयाबीन होतं ते रान. काळ्या मातीवर चुन्याची फक्की मारून रेघा ओढलेल्या, कोपऱ्यात फ्लेक्स, खाली चार खुर्च्या अन् थंड पाण्याचा जार. एजंट म्हणाला, “दादा, इथून हायवे जवळ, शाळा येणार, दवाखाना येणार.” मी विचारलं, “आता काय आहे?” तो हसला. आता फक्त रेघा होत्या.

मी टेप घेऊन गेलो होतो. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. दीड गुंठा म्हणजे सोळाशे तेहतीस चौरस फूट व्हायला पाहिजे. जागेवर मोजलं तर साडेतेराशेच्या आत बसलं. बाकीचं कुठं गेलं? एजंट म्हणाला, “समोरचा अर्धा रस्ता पण तुमच्याच गुंठ्यात धरलाय ना.” म्हणजे रस्त्याचे पैसे आपण द्यायचे, अन् तो रस्ता कागदावर रस्ता म्हणून कुठंच नाही. उद्या मूळ मालकाच्या लेकानं त्यावर नांगर घातला तर काय करणार?

ही भीती हवेतली नाही. माझ्या एका जवळच्या नातेवाइकानं बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक गुंठा शंभर रुपयांच्या बाँडवर घेतला. दोन खोल्या बांधल्या. पुढं शेजारच्या प्लॉटवाल्यानं वाट अडवली. आज त्यांची मोटारसायकल दुसऱ्याच्या अंगणातून जाते, अन् त्या अंगणवाल्याची मर्जी सांभाळत दिवस काढायचे.

मग कायद्यात बदललं काय?

एजंटाचं बोलणं सगळं खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, अन् अर्धं खरंच जास्त फसवतं.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यावर शेतीच परवडणार नाही, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये सरकारनं बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे अन् बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरवलं. त्याच्या खालच्या तुकड्याची खरेदी-विक्री करायची नाही. पण गावं वाढली, शहरं पसरली, लोकांनी गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घरं बांधली. कुणाचं नाव सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ अडकलं, कुणाच्या उताऱ्यावर तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार असा शेरा बसला, कुणाची रजिस्ट्रीच झाली नाही. असे व्यवहार नियमित करायला आधी बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरावी लागायची, नंतर ती ५ टक्क्यांवर आली. तरी लोक पुढं आले नाहीत.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं अध्यादेश काढला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार कसलीही रक्कम न घेता नियमित करायचे, असं त्यात आहे. पण कुठले? महापालिका, नगर परिषद, नगर पंचायतीच्या हद्दीतले, विकास प्राधिकरणांच्या क्षेत्रातले, आराखड्यात निवासी, व्यापारी किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवलेल्या भागातले, अन् गावठाणालगतचे.

इथं दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, तारीख. १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार. ज्यांनी आधीच घेऊन ठेवलंय त्यांचा अडकलेला पाय सोडवण्यासाठी ही सवलत आहे. आज नव्यानं फक्की मारलेल्या रानासाठी नाही. दुसरी, जागा. आराखड्यात शेतीसाठी असलेल्या जमिनीचे गुंठे पाडायला यातून परवाना मिळालेला नाही.

अन् ज्यांचे जुने व्यवहार नुसत्या नोटरीवर किंवा साध्या बाँडवर आहेत, त्यांनी हातावर हात धरून बसू नये. मुद्रांक शुल्क भरून, दुय्यम निबंधकाकडं दस्त नोंदवूनच त्यांचं नाव लागेल. तुमच्याकडं असा जुना कागद असेल तर तहसील कार्यालयात जाऊन चौकशी करा. माझ्या त्या नातेवाइकालाही मी तेच सांगितलंय.

बाकी नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं. मुखत्यारपत्रावर अन् करारनाम्यावर मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय.

एका एकरात किती प्लॉट पडतात?

आता थोडा हिशोब करू. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण गोष्ट कळायला पुरेसे आहेत.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रीतसर बिनशेती करून, लेआउट मंजूर करून प्लॉट पाडायचे तर एकरभर जमिनीत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. रस्ते साधारण ९ मीटरचे, म्हणजे तीस फुटांच्या आसपास. रस्त्या-नाल्यात चौथा हिस्सा गेला असं धरा. मग विकायला उरतात २८ हजार चौरस फूट अन् थोडे वर. बाराशे फुटांचा एक प्लॉट धरला तर २३ प्लॉट.

आता मंजुरी न घेता प्लॉट पाडणारा काय करतो? मोकळी जागा सोडत नाही. बारा फुटांच्या बोळी काढतो. समजा त्यात १५ टक्के गेले. उरतात ३७ हजार फूट. प्लॉट पडले ३०.

म्हणजे सात प्लॉट जास्त. एका प्लॉटचे सहा लाख धरले तर बेचाळीस लाख रुपये. ते बेचाळीस लाख कुठून आले? लेकरांच्या खेळायच्या जागेतून आले, नालीतून आले, अन् अँब्युलन्स वळेल अशा रस्त्यातून आले. स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो, त्याचं उत्तर हेच आहे.

आणखी एक. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट विकायचे असतील तर महारेराकडं प्रकल्पाची नोंदणी लागते. हा कायदा फ्लॅटपुरता नाही, प्लॉटिंगलाही आहे. नोंदणीच्या आधी जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. अन् नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. एजंटालाही नोंदणी लागते. आम्ही नंबर विचारला तर तो म्हणाला, “काम चालू आहे साहेब.” भाच्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला काही सांगायची गरज राहिली नव्हती.

दुसरी जागा : जिथं झाडं आधीच मोठी झालीत

दुपारी दुसरी जागा बघितली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वसलेली कॉलनी. एका निवृत्त गुरुजींचं घर विकायचं आहे, असं कळलं होतं. ४० बाय ८० चा प्लॉट, ३,२०० चौरस फूट. मधोमध पत्र्याचं अन् स्लॅबचं मिळून चार खोल्यांचं घर, पुढं लिंबाचं झाड, मागं आड, आडाजवळ शेवगा. समोर दोन गाड्या आरामात जातील असा रस्ता, कडेला नाली, खांबावर दिवा, घरात नळ.

आपल्या पूर्णेकरांना अशी वस्ती माहीत आहे. जंक्शनमुळं इथं रेल्वेची कॉलनी आहे. तिथल्या जुन्या क्वार्टरसमोरची मोकळी जागा, झाडं अन् रुंद रस्ते बघून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हणलंय, असं घर पाहिजे. ती जागा सरकारची, विकत मिळत नाही. पण परभणी-नांदेडला, अन् लहान गावांतही, नोकरदारांनी, शिक्षकांनी, सोसायट्यांनी वसवलेल्या जुन्या कॉलन्या आहेत. तिथले प्लॉट मोठे, कारण तेव्हा जागा स्वस्त होती. आता मालक म्हातारे झालेत, लेकरं पुण्या-मुंबईला गेलीत, अन् घरं हळूहळू विक्रीला येऊ लागलीत.

गुरुजींनी चहा दिला. माझी बहीण सोबत होती. ती घर बघायच्या आधी मागं गेली, आडात डोकावली, मग अंगणात उभी राहून म्हणाली, “इथं सोयाबीनचं पोतं ठेवता येतं. लग्नाला पाव्हणे आले तर मांडव पडतो. तिकडं त्या रेघांत मोटारसायकल ठेवली तर माणूस कुठून जाईल?”

शेतकऱ्याच्या घराला जागा का लागते, हे तिनं एका वाक्यात सांगितलं. आपल्याकडं फवारणीचा पंप असतो, पाइप असतात, बी-बियाणं असतं, कधी म्हैस असते. तीस बाय चाळीसमध्ये हे बसवायचं तर खाटेखाली खताचं पोतं येतं.

भाव मात्र ऐकून भाचा गप्प झाला. फुटाला जवळपास दुप्पट. पण घरी येऊन वहीत मांडलं तेव्हा अंतर कमी झालं. नव्या प्लॉटवर बोअर घ्यावा लागेल. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात जमीन भेगाळते अन् भिंतीला चिरा जातात. सखल आहे म्हणून मुरमाचा भराव लागेल. विजेचा खांब जवळ आणायचा खर्च आहे. रस्ता होईपर्यंत पावसाळ्यात चिखल तुडवायचा. घर होईपर्यंत भाड्यानं राहायचं. जुन्या घरात मात्र किल्ली हातात आली की दुसऱ्या दिवशी चूल पेटते. वर्षा-दोन वर्षांनी हातात पैसे आले की एकेक खोली सुधारता येते.

जुन्या घराचीही दुखणी असतात

पण थांबा. जुनी कॉलनी म्हणजे सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. नव्या प्लॉटचा रोग जमिनीत असतो, जुन्या घराचा रोग कागदात अन् नात्यात असतो.

पहिलं, घर कुणाच्या नावावर आहे? गुरुजी राहतात म्हणून घर गुरुजींचंच असं नाही. मूळ प्लॉट त्यांच्या वडिलांनी घेतला होता. वडील गेले, वारसांची नावं लागली. त्यात गुरुजींच्या दोन बहिणी. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाइतकाच हक्क आहे, अन् सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली असेल अन् मृत्युपत्र नसेल, तरी मुली वारस आहेतच. म्हणून एक तर बहिणींच्या खरेदीखतावर सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. “त्या काय सही नाकारत्यात व्हय” यावर पैसे द्यायचे नाहीत. वारसांत कुणी अज्ञान लेकरू असेल तर कोर्टाची परवानगी लागते.

दुसरं, उतारा कुठला? ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा पालिकेची घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. मालकीचा नाही. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड बघा. नसेल तर सातबारा, बिनशेती आदेश अन् मंजूर लेआउटचा नकाशा. खेड्यातल्या गावठाणात ड्रोननं मोजणी होऊन स्वामित्व योजनेत सनद अन् मिळकत पत्रिका मिळू लागलीत, तिथं ती मागा.

तिसरं, जमीन कशानं मिळालेली? सोसायटीची असेल तर सोसायटीची ना-हरकत लागते. नांदेडसारख्या ठिकाणी सिडकोच्या वसाहती आहेत. सिडको जमीन सहसा भाडेपट्ट्यानं देते, तेव्हा हस्तांतराची परवानगी अन् पट्ट्याची उरलेली मुदत बघावी लागते.

चौथं, पालिकेकडून झोन दाखला अन् भाग नकाशा घ्या. मोठा प्लॉट असला की विकास आराखड्यात त्यावरून रस्ता रुंद होणार आहे का, आरक्षण आहे का, हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर ८० फुटांतले पंधरा फूट उद्या रस्त्यात.

पाचवं, थकबाकी. घरपट्टी, नळपट्टी तर बघाच, पण वीज बिलही बघा. आधीच्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करण्याचे वीज कंपन्यांचे नियम वैध आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये दिलाय.

आपल्या मराठवाड्याची जुनी खोड

नवा प्लॉट असो की जुनं घर, आपल्याकडं आणखी एक तपासणी लागते. आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळं इनामी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, वक्फच्या जमिनी, वतनाच्या अन् कुळाच्या जमिनी भरपूर. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री चालत नाही. काही ठिकाणी सातबाऱ्यावर आज वर्ग १ दिसतं, पण जुना फेरफार अन् खासरा पाहणी काढली की मूळ इनाम निघतं. म्हणून आताचा उतारा बघून थांबू नका, मागं मागं जा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढा. त्याला हजारात पैसे लागतात, पण घालवायला निघालोय लाखात.

दुसरी खोड पाण्याची. पूर्णा नदीवर वर येलदरी अन् सिद्धेश्वर धरणं आहेत. ती भरली अन् दरवाजे उघडले की खाली काय होतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढं हीच नदी आपल्याच तालुक्यात गोदावरीला मिळते, अन् गोदावरी तुंबली की पाणी मागं दाबतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं पाण्याचं रूप बघितलं. तरी मार्च-एप्रिलमध्ये जागा बघायला गेलं की ओढा कोरडा असतो अन् प्लॉट सपाट दिसतो. म्हणून जागा बघायची तर एकदा मोठ्या पावसानंतर बघा, अन् पाणी कुठवर आलं होतं हे एजंटाला नाही, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पूररेषेचे नकाशे पाटबंधारे विभागाकडं असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाची परवानगी मिळत नाही.

जुन्या कॉलनीचा खरा फायदा मला इथंच दिसतो. तिथं चाळीस पावसाळे होऊन गेलेत. भिंतीवरची ओल, नालीचा उतार, आडाचं पाणी, शेजाऱ्याचा स्वभाव, सगळं समोर आहे. नव्या रेघांमध्ये यातलं काहीच अजून घडलेलं नाही.

मोठा प्लॉट अन् दोन भाऊ

भाच्याचा पुढचा प्रश्न बरोबर होता. “मामा, दोघं मिळून घेतलं अन् पुढं पटलं नाही तर?”

हा प्रश्न खरेदीच्या आधीच सोडवायचा असतो. ३,२०० फूट दोघांत म्हणजे सोळाशे-सोळाशे. पण मधून दोरी लावली म्हणजे वाटणी झाली असं होत नाही. पालिकेकडून पोटविभागणी मंजूर करून घ्यावी लागते, अन् दोन्ही हिश्श्यांना रस्ता लागतो. प्लॉट ४० फूट रुंद असेल तर लांबीत उभा चिरून २० बाय ८० चे दोन होतात, दोघांचं तोंड रस्त्याला. आडवा चिरला तर मागच्याला पुढच्याच्या दारातून जावं लागतं, अन् भावकीची भांडणं तिथूनच सुरू होतात. उभं चिरलं तरी वीस फूट रुंदीत बाजूची मोकळी जागा सोडून घर कसं बसेल, हे आधी इंजिनिअरकडून कागदावर काढून घ्या.

म्हणून मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. खरेदीखतातच दोघांची नावं अन् प्रत्येकाचा हिस्सा लिहा. अन् आड, वाट, लिंबाचं झाड, नळ कुणाचा, हे आजच, प्रेम आहे तोवर, कागदावर लिहून ठेवा. मोबदल्यात बहिणीचाही वाटा असेल तर तोही आत्ताच मोकळा करा. आपण दुसऱ्याच्या बहिणीची सही मागतोय अन् आपल्या बहिणीला विसरलो, असं व्हायला नको.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. प्लॉटच्या नादात सगळीच शेती विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. नावावर थोडी जमीन ठेवली नाही तर उद्या पुन्हा शेत घ्यायचं म्हणलं की तुमच्याकडंच शेतकरी असल्याचा पुरावा मागतील. आपल्या बापजाद्यांनी कसलेल्या गावात आपणच बिगरशेतकरी ठरू.

हातातल्या मोबाईलचा उपयोग करा

प्लॉटचे व्हिडिओ मोबाईलवर येतात, तर तपासणीही मोबाईलवर करा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे आधीचे दस्त फुकट बघता येतात. एकच प्लॉट दोघांना विकलाय का, हे तिथं सापडू शकतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाका. नाव निघालं नाही तर विचारा, का नाही?

खर्चाचा हिशोब करताना मुद्रांक शुल्क विसरू नका. ते करारातली किंमत अन् रेडी रेकनरचा दर, यात जे जास्त त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. अन् पैसे बँकेतून द्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. रोखीत दिलेला पैसा भांडण झालं की कुठंच दिसत नाही.

रजिस्ट्रीच्या आधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट, गुंठ्यापेक्षा तेरा फूट कमी. छोट्या प्लॉटमध्ये हे तेरा फूटही जिन्याची जागा खातात. चतुःसीमा जागेवर उभं राहून लिहा, एजंटाच्या दुकानात बसून नाही.

शेवटी काय ठरलं

भाच्यानं नव्या प्लॉटचा इसार दिला नाही. एजंटाचे नंतर चार फोन आले. भाव अजून वाढलेला नाही.

गुरुजींच्या घराचंही लगेच काही झालं नाही. गुरुजींच्या एका बहिणीनं होकार दिला, दुसरी पुण्याला असते, तिच्याशी बोलणं चालू आहे. आम्ही स्पष्ट सांगितलं, “गुरुजी, तिन्ही सह्या झाल्या की त्याच दिवशी चेक. तोवर घर तुमचं, पैसे आमचे.” गुरुजींना राग आला नाही. ते म्हणाले, “असंच करा. मला मेल्यावर शिव्या नकोत.” तिसरी सही झाली नाही तर हे घर सोडावं लागेल. बहिणीला त्या आडाचा जीव लागलाय, पण तिलाही ते कळतं.

प्लॉटवाले म्हणतात जमीन कधीच कमी होत नाही, घेऊन ठेवा. खरं आहे, पण रस्ता नसलेली, कागद नसलेली, पाण्याखाली जाणारी जमीनही कमी होत नाही. ती तशीच पडून राहते, अन् तिच्यात आपला मोबदलाही पडून राहतो. जुन्या कॉलनीत परवडत नसेल तर मंजूर लेआउटमधला लहान प्लॉट घ्या, गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन बिनशेती होते का ते तहसीलमध्ये विचारा, नाहीतर पैसे वर्षभर बँकेत राहू द्या. घर सहा महिने उशिरा झालं तर काही बिघडत नाही. इसार एकदा हातातून गेला की मात्र आपण त्या एजंटाच्या दारात.

तुमच्या गावात अशा चुन्याच्या रेघा पडल्या असतील तर घरातल्या बाईमाणसाला सोबत घेऊन जा, टेप घेऊन जा, अन् परत येताना एखाद्या जुन्या कॉलनीतून गाडी घाला. फरक तुम्हालाच दिसेल.